हॅरिस काउंटीत अटकेची नोंद कशी शोधायची आणि कशी वाचायची

ह्यूस्टनमध्ये ओळखीच्या कुणाला अटक झाल्याचं कळलं, की पहिले काही तास फोनाफोनीत जातात. कुठे नेलंय, कशाबद्दल नेलंय, सोडणार कधी? टेक्सासमध्ये यातली बरीचशी माहिती कायद्याने खुली आहे. घरबसल्या, वकिलाला एक डॉलर न देता ती पाहता येते. अडचण अशी की ती एका जागी नसते. तुरुंगाची नोंद शेरीफकडे (काउंटीचा पोलीसप्रमुख), खटल्याची डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे (कोर्टाच्या नोंदी सांभाळणारं कार्यालय), पोलिसांचा अहवाल पोलिसांकडे आणि राज्यभराचा गोषवारा चौथीकडेच. अनेक जण यातलं एकच पान उघडतात आणि त्यावरूनच माणसाबद्दल मत बनवतात. म्हणून या लेखात शोधण्याइतकाच भर वाचण्यावर दिला आहे.

आधी काउंटी पक्की करा

ह्यूस्टनचा बहुतेक भाग हॅरिस काउंटीत येतो (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), पण टपालाच्या पत्त्यात 'ह्यूस्टन' असलं म्हणजे काउंटी हॅरिसच असेल असं नाही. शुगर लँड फोर्ट बेंड काउंटीत आहे. पेअरलँडचा बराचसा भाग ब्राझोरियात आणि वुडलँड्सचा माँटगोमेरीत येतो. केटी तर हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलंय. खटला चालतो तो घटना घडली त्या काउंटीत, राहत्या घराच्या काउंटीत नव्हे. शुगर लँडला राहणाऱ्या माणसाला ह्यूस्टन डाउनटाउनमध्ये पकडलं, तर नोंद हॅरिसमध्ये शोधायची. जुनं वॉरंट दुसऱ्या काउंटीचं असेल तर माणूस हॅरिसच्या तुरुंगात आणि खटला भलतीकडे, असंही होतं.

अटक कोणी केली हे कळलं तर बरं, पण त्यावाचून अडत नाही. ह्यूस्टन पोलीस, शेरीफचे डेप्युटी, कॉन्स्टेबल, राज्याचे ट्रूपर, विद्यापीठाचे पोलीस, कोणीही अटक करू शकतं. (इथला कॉन्स्टेबल म्हणजे आपल्याकडचा हवालदार नव्हे. तो निवडून आलेला अधिकारी असतो, हॅरिसमध्ये असे आठ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली स्वतःचे डेप्युटी असतात.) २०१९ पासून शहराच्या आणि काउंटीच्या बहुतेक अटकांचं बुकिंग, म्हणजे तुरुंगातली नोंदणी, डाउनटाउनमधल्या नॉर्थ सॅन जसिंटो रस्त्यावरच्या जॉइंट प्रोसेसिंग सेंटरमध्येच होतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. फक्त दंडाची शिक्षा असलेले क्लास सी गुन्हे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे येतच नाहीत. शहर पोलिसांनी तिकीट दिलं असेल तर शहराच्या म्युनिसिपल कोर्टात पाहायचं, शेरीफच्या किंवा कॉन्स्टेबलच्या माणसाने दिलं असेल तर त्या भागाच्या जस्टिस ऑफ द पीस कोर्टात. 'काहीच सापडत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

नाव: मराठी माणसाची पहिली ठेच

इथली यंत्रणा पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव अशा तीन खणांत विचार करते. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. घाईत लिहून घेणारा अधिकारी कधी दोन नावं जोडतो, कधी मधलं नाव आडनावाच्या खणात टाकतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात' छापलेलं असतं, आणि तीच तीन अक्षरं पुढे अटकेच्या नोंदीत नाव म्हणून जाऊन बसतात.

म्हणून आधी आडनाव आणि पहिल्या नावाची सुरुवातीची दोन-तीन अक्षरं घालून शोधा. नाही सापडलं तर स्पेलिंग बदला. 'व' साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही, 'श' साठी एस आणि एसएच, 'क्ष' साठी केएसएच आणि एक्स, शेवटचा 'ए' घालून आणि काढून. मग नावांची उलटापालट करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर माहेरचं नावही घालून बघा.

जन्मतारीख अमेरिकी क्रमाने घालायची, महिना आधी. ०३/०७ म्हणजे इथे ७ मार्च. अटक झालेल्याने गोंधळात ३ जुलै या अर्थाने ती तशीच सांगितली असेल तर नोंदही तशीच चुकलेली असते, त्यामुळे दोन्ही क्रम करून पाहा. वंशाच्या रकान्यावरून नोंद बाद करू नका. भारतीय माणूस कुठे आशियाई म्हणून लिहिला जातो, कुठे गोरा म्हणून.

तुरुंगातला शोध

हॅरिस काउंटी शेरीफ ऑफिसच्या साइटवर तुरुंगातली व्यक्ती शोधायची सोय आहे. अटक होताच नाव तिथे येईल अशी अपेक्षा ठेवू नका. बोटांचे ठसे, फोटो, आरोग्यतपासणी हे उरकून नाव चढायला काही तासांपासून जवळपास एक दिवस लागतो. आणि ही यादी आत्ता कोठडीत असलेल्यांचीच असते. माणूस सुटला की त्याचं नाव तिथून जातं. अटक झालीच नव्हती असा त्याचा अर्थ होत नाही.

या पानावरून एकच गोष्ट टिपून घ्यायची असेल तर एसपीएन. बोलताना सगळे त्याला 'स्पिन नंबर' म्हणतात. हॅरिस काउंटीच्या व्यवस्थेत एका माणसाला एकदा दिलेला हा क्रमांक पुढच्या प्रत्येक खेपेला तोच राहतो. कुलकर्णी आणि पाटील अनेक असतील, स्पिन एकाचाच असतो. तो हाती आला की स्पेलिंगची कटकट संपली.

पानावर 'होल्ड' असेल तर जामीन भरण्याआधी थांबा. त्याचा अर्थ दुसऱ्या कुणालातरी हा माणूस हवा आहे: दुसरी काउंटी, दुसरं राज्य किंवा इमिग्रेशन खातं. इथला जामीन भरला तरी तो घरी न येता त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो. इमिग्रेशनच्या ताब्यातला माणूस आयसीईच्या वेगळ्या शोधपानावर सापडतो. त्यासाठी नऊ आकडी ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या व्यक्तीला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश, किंवा नाव आणि जन्मदेश लागतो.

भारतीय नागरिकाला अटक झाली तर ह्यूस्टनमधल्या भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगण्याचा त्याला हक्क आहे. व्हिएन्ना करारातलं ३६ वं कलम तेच सांगतं. मात्र भारताच्या बाबतीत इथले अधिकारी आपणहून कळवायला बांधील नाहीत. अटक झालेल्याने ते मागावं लागतं.

तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललं तर कुणाला कळणार नाही ही समजूत घातक आहे, कारण दुभाषा कधीही बोलावता येतो. वकील कोण, जामीन किती, औषधं कोणती, एवढंच बोला.

खटल्याचं पान: खरी माहिती इथे

हॅरिस काउंटी डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या साइटवर नोंदी शोधायच्या भागात 'क्रिमिनल' हा विभाग घ्या आणि नाव, स्पिन किंवा कॉज नंबर, म्हणजे खटल्याचा क्रमांक, घाला. फेलनी (गंभीर गुन्हे) आणि क्लास ए, बी मिस्डिमीनर (त्याहून कमी गंभीर गुन्हे) असे दोन्ही इथेच असतात. कागदांच्या प्रती पाहायला खातं उघडावं लागतं, ते मोफत आहे. शोधयंत्रात वरच्या जागा जाहिरातींच्या असतात आणि तिथल्या बहुतेक साइट खासगी, पैसे मागणाऱ्या असतात. त्या वगळून खाली या.

हॅरिस काउंटीत पोलिसाला क्लास बी किंवा त्याहून मोठा आरोप ठेवायचा असेल तर तो आधी डिस्ट्रिक्ट ॲटर्नीच्या (काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) कार्यालयात चोवीस तास बसलेल्या सरकारी वकिलाला फोन करून हकीकत सांगतो. वकिलाने मान्यता दिली तरच आरोप दाखल होतो. त्यामुळे कित्येकदा तुरुंगाच्या शोधात नाव दिसण्याआधीच क्लार्ककडे खटला दिसतो. आणि वकिलाने नकार दिला तर तासन् तास बसवून ठेवलेला माणूस खटल्याविनाच सुटतो.

एक नमुना घेऊ. समजा पानावर लिहिलंय: 'थेफ्ट, १०० डॉलर किंवा अधिक पण ७५० हून कमी', 'क्लास बी', 'काउंटी क्रिमिनल कोर्ट ॲट लॉ', पुढे बाँडची रक्कम आणि एक तारीख, त्यापुढे 'सेटिंग'.

डॉलरचे आकडे म्हणजे चोरलेल्या वस्तूची नेमकी किंमत नव्हे. तो कायद्यातला टप्पा आहे. दुकानातून १३० डॉलरचा माल उचलल्याचा आरोप असला तरी हेच शब्द येतात. क्लास बी म्हणजे जास्तीत जास्त १८० दिवस तुरुंग आणि २,००० डॉलर दंड. क्लास ए म्हणजे एक वर्षापर्यंत आणि ४,००० डॉलर. क्लास सी असेल तर ५०० डॉलरपर्यंत नुसता दंड. हे तिन्ही मिस्डिमीनर. फेलनीत सर्वांत खालची पायरी स्टेट जेल फेलनी, १८० दिवस ते २ वर्षं. तिसऱ्या दर्जाची २ ते १०, दुसऱ्या दर्जाची २ ते २०, पहिल्या दर्जाची ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप. या कायद्यातल्या मर्यादा आहेत. या माणसाला इतकी शिक्षा होणार आहे असं त्या सांगत नाहीत.

कोर्टाच्या नावावरूनही दर्जा कळतो. 'काउंटी क्रिमिनल कोर्ट ॲट लॉ' आणि १ ते १६ मधला आकडा असेल तर मिस्डिमीनर. १७४ वं, १८५ वं, ३३७ वं असं क्रमांकाचं डिस्ट्रिक्ट कोर्ट असेल तर फेलनी.

'सेटिंग' म्हणजे कोर्टाची तारीख. 'रीसेट' म्हणजे पुढची तारीख पडली. ओळीने आठ रीसेट दिसले तर आरोपी टाळाटाळ करतोय असं समजू नका. बहुतेक वेळा सरकारी वकिलांकडून पुरावे यायचे असतात.

बाँड म्हणजे जामीन, तो तीन प्रकारचा दिसेल. पूर्ण रक्कम रोख भरलेला, बाँड्समनच्या, म्हणजे फी घेऊन जामीन भरणाऱ्या व्यावसायिकाच्या, मार्फत भरलेला (त्याची फी साधारण दहा टक्के, आणि ती परत मिळत नाही) किंवा वैयक्तिक हमीवर दिलेला. अटकेनंतर ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. बाँडची रक्कम आणि अटी तिथे ठरतात.

आता कागद उघडा. पहिला बहुधा 'कम्प्लेंट' असतो. ही शेजाऱ्याची किंवा बायकोची तक्रार नव्हे. अधिकाऱ्याने शपथेवर दिलेलं, 'टेक्सास राज्य विरुद्ध अमुक' अशा मथळ्याचं ते आरोपाचं लेखी निवेदन आहे. त्यात एकच बाजू असते, कारण ते लिहिताना दुसरी बाजू कुणी ऐकलेलीच नसते. मिस्डिमीनरमध्ये त्याच्या जोडीला 'इन्फर्मेशन' नावाचा सरकारी वकिलाचा कागद लागतो. फेलनीत प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला चालवावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, जातं. बारा जणांपैकी नऊ जणांनी होकार दिला तर 'इन्डाइटमेंट', नाही तर 'नो बिल'. इन्डाइटमेंट म्हणजे खटला चालवण्याइतकं काहीतरी आहे, इतकंच.

घरगुती भांडणाच्या प्रकरणात भारतातून आलेली माणसं हमखास फसतात. शेजाऱ्याने ९११ फिरवला, नवऱ्याला नेलं, दुसऱ्या दिवशी बायको म्हणते, 'मी तक्रार मागे घेते.' इथे तशी सोय नाही, कारण तक्रार तिची नसून राज्याची आहे. खटला चालवायचा नाही असं प्रतिज्ञापत्र ती देऊ शकते, पण ठरवणार डिस्ट्रिक्ट ॲटर्नी. त्यातच मॅजिस्ट्रेटने संरक्षणाचा तातडीचा आदेश दिला असेल (मुदत सहसा ३१ ते ६१ दिवस, शस्त्र वापरल्याचा आरोप असेल तर ६१ ते ९१), तर बायकोने स्वतः बोलावलं म्हणून घरी जाणं हाही नवा गुन्हा ठरतो. माणूस सुटून येण्याआधी घरच्यांनी बाँडच्या अटी शब्दन् शब्द वाचाव्यात.

निकालाचा रकाना

खटल्याच्या स्थितीत 'कम्प्लीट' दिसलं की लोक 'दोषी ठरला' असं वाचतात. त्याचा अर्थ प्रकरण निकाली निघालं एवढाच. निकाल काय ते वेगळ्या रकान्यात असतं, आणि तो रकाना वाचल्याशिवाय शोध पुरा झाला असं समजू नये.

'डिसमिस्ड', म्हणजे खटला काढून टाकला, असं असेल तर डिसमिसलचा अर्ज उघडून कारण वाचा. पुरावा पुरेसा नव्हता, की याच माणसाला दुसऱ्या खटल्यात शिक्षा झाली म्हणून हा सोडला, की 'रीफाइल्ड'? शेवटच्यात प्रकरण संपलेलं नसतं. तोच आरोप नव्या कॉज नंबरने, कधी वरच्या दर्जाने, पुन्हा दाखल झालेला असतो. मग स्पिन घालून नवा नंबर शोधा.

आणि 'डिफर्ड ॲडज्युडिकेशन'. आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा विरोध करत नाही, न्यायाधीश दोषी ठरवणं पुढे ढकलतो, काही काळ देखरेखीखाली ठेवतो, आणि अटी पाळल्या तर खटला डिसमिस होतो. टेक्सासच्या कायद्यात ही दोषसिद्धी नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र ती दोषसिद्धीच आहे. कबुली आणि न्यायाधीशाने घातलेली बंधनं, या दोन गोष्टी असल्या की अमेरिकेच्या केंद्र सरकारला तेवढं पुरतं. १३० डॉलरच्या चोरीत 'डिफर्ड घे, रेकॉर्ड साफ राहील' हा सल्ला इथे जन्मलेल्यासाठी चांगला असू शकतो. एच-१बीवर किंवा ग्रीनकार्डवर असलेल्यासाठी तोच सल्ला देश सोडायची वेळ आणू शकतो, कारण चोरी इमिग्रेशनच्या नजरेत नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यांत मोडते. कबुलीचे हद्दपारीसंबंधीचे परिणाम सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी खटल्यात ठरवलं आहे. सही करण्याआधी त्याला स्पष्ट विचारा आणि इमिग्रेशन वकिलाचं मत वेगळं घ्या. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही, निकाल लागण्याआधी, व्हिसा रद्द होऊ शकतो.

पोलिसांचा अहवाल आणि राज्याची नोंद

पोलिसांकडचे कागद टेक्सास पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली मागता येतात. अर्ज लेखी हवा. तारीख, ठिकाण, नाव आणि माहीत असेल तर घटना क्रमांक लिहा. अर्जाचं कारण द्यावं लागत नाही. कागद नाकारायचे असतील तर खात्याला कामकाजाच्या १० दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे विचारणा करावी लागते. संपूर्ण अहवाल चालू खटल्यात सहसा मिळत नाही, आणि दोषसिद्धी किंवा डिफर्डशिवाय संपलेल्या प्रकरणातही नाकारता येतो. पण मूलभूत माहिती, म्हणजे कोणाला, केव्हा, कुठे, कशाबद्दल पकडलं आणि घटनेचा थोडक्यात तपशील, रोखता येत नाही. हा नियम ज्या निकालातून आला तो ह्यूस्टनचाच: ह्यूस्टन क्रॉनिकल या वृत्तपत्राने शहराविरुद्ध लढलेला १९७५ चा खटला. कोर्टाचे कागद या कायद्यात येत नाहीत, ते क्लार्ककडूनच घ्यायचे.

राज्याच्या डीपीएस (सार्वजनिक सुरक्षा) खात्याची सार्वजनिक शोधसेवा थोडी फी घेते आणि फक्त दोषसिद्धी व डिफर्ड दाखवते. तिथे काही दिसलं नाही म्हणजे अटक झाली नव्हती असं नाही. स्वतःची नोंद देशपातळीवर पाहायची असेल तर बोटांचे ठसे देऊन एफबीआयकडून १८ डॉलरमध्ये गोषवारा मिळतो.

जे दिसणार नाही, आणि जे दिसूनही खोटं असेल

सतरा वर्षांखालच्या मुलांच्या नोंदी गोपनीय असतात. एक्सपंक्शन झालेली नोंद पुसली जाते. नॉनडिस्क्लोजरचा आदेश असलेली नोंद जनतेपासून झाकली जाते, सरकारी खात्यांना ती दिसते. निर्दोष सुटलेल्याला एक्सपंक्शनचा हक्क आहे. आरोपच दाखल झाला नसेल तर अटकेपासून क्लास सीला १८० दिवस, क्लास ए-बीला एक वर्ष आणि फेलनीला तीन वर्षं थांबून अर्ज करता येतो. क्लास बी किंवा वरच्या गुन्ह्यात डिफर्ड घेतलं असेल तर पुसणं नाही, फार तर झाकणं. आणि कौटुंबिक हिंसाचाराचा शेरा असेल तर तेही नाही.

खासगी साइटवरचे अटकेचे फोटो मात्र निकालानंतरही तसेच राहतात. फोटो काढून टाकायला किंवा माहिती दुरुस्त करायला अशा साइटने पैसे मागणं टेक्सासच्या व्यापारविषयक कायद्याच्या १०९ व्या प्रकरणाने बंद केलं आहे. लेखी मागणी करा आणि तिची प्रत जपून ठेवा.

तुरुंगाची यादी खुली असल्याने ती ठगांनाही दिसते. 'मी शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, बाँडसाठी गिफ्टकार्डाचे नंबर सांगा' असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. बाँडची रक्कम क्लार्कच्या पानावर स्वतः पाहा आणि मगच पैशांचं बोला.

सही-शिक्क्याच्या प्रती

प्रकरण संपल्यावर डिस्ट्रिक्ट क्लार्ककडून आरोपपत्र आणि निकाल या दोन्हींच्या प्रमाणित प्रती घ्या. साइटवरून छापलेला कागद इमिग्रेशनला चालत नाही. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात आणि नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात कधीही अटक झाली होती का असा प्रश्न असतो. खटला डिसमिस झाला, नोंद पुसली गेली, तरी उत्तर 'हो' असंच द्यावं लागतं आणि निकालाचा कागद जोडावा लागतो. एक्सपंक्शनचा आदेश झाल्यावर क्लार्ककडेही काही उरत नाही. तेव्हा हा कागद मागायला गेलात तर अशी नोंद नाही, एवढंच उत्तर मिळेल. म्हणून एक्सपंक्शनचा अर्ज करण्याआधीच दोन-तीन संच काढून घ्या, आणि एक संच घराबाहेर सुरक्षित ठेवा.